लिहायचं राहून गेलं तर? वऱ्हाडातल्या दिवाणी कोर्टांमधल्या 'दुरुस्ती अर्जा'चा इतिहास

कोर्टात एकदा लिहून दिलेलं बदलता येतं का? कुणाला हा प्रश्न विचारला की दोनपैकी एक उत्तर मिळतं. "छे, कोर्टात दिलेलं म्हणजे दगडावरची रेघ," असं एक. आणि "वकील चांगला असला की सगळं बदलता येतं," हे दुसरं. दोन्ही उत्तरं थोडी थोडी खरी आहेत. माझ्या संशोधनाचा एक मोठा भाग या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत जातो. त्या जागेचं नाव आहे दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर ६, रूल १७. अमरावती-अकोल्याच्या कोर्टांत वकील तिला नुसतं 'सिक्स सेव्हन्टीन' म्हणतात, आणि पक्षकार म्हणतात 'दुरुस्ती अर्ज'.

विषय कोरडा वाटेल, पण शेत कुणाकडे राहिलं, बहिणीला हिस्सा मिळाला की नाही, कूळ म्हणून कसणाऱ्याला जमीन मिळाली की नाही, असे कितीतरी प्रश्न वऱ्हाडात याच एका अर्जावर अडलेले आहेत.

आधी मूळ गोष्ट

दिवाणी दाव्यात दोन कागद पायाचे असतात. दावा लावणाऱ्याचं वादपत्र आणि समोरच्याची लेखी कैफियत. दोन्ही मिळून इंग्रजीत प्लीडिंग म्हणतात. हे कागद समोर ठेवून कोर्ट 'मुद्दे' काढतं, म्हणजे नेमकं भांडण कशावर आहे ते ठरवतं. मग सरतपास, उलटतपास, युक्तिवाद, निकाल.

यात एक कडक नियम आहे. जे वादपत्रात किंवा कैफियतीत नाही, त्यावर दिलेला पुरावा साधारणपणे विचारात घेतला जात नाही. साक्षीदारानं पिंजऱ्यात उभं राहून कितीही खरं सांगितलं तरी समोरचा वकील उठून म्हणतो, "हे प्लीडिंगमध्ये नाही." नियमामागचं कारण रास्त आहे. समोरच्याला आधी कळायला हवं की आपल्याला कशाला तोंड द्यायचंय. पण त्यामुळे पहिल्या दिवशी काय लिहिलं गेलं याला फार वजन येतं. पहिल्या दिवशी सगळं सुचतंच असं नाही. "साहेब, थे त सांगाचंच राह्यलं," हे पक्षकाराचं वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही वकिलाच्या कानाला नवं नाही. त्या राहून गेलेल्या गोष्टीला मागाहून आत घेण्याचा दरवाजा म्हणजे दुरुस्ती अर्ज.

वादपत्र कुणाचं?

वऱ्हाडाची कायदेशीर स्थिती आधीपासूनच वेगळी. १८५३ मध्ये निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मालकी निजामाची, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत इंग्रजांचा. म्हणून सरकारी कागदांत नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. १९०२ मध्ये कर्झननं कायमचा पट्टा करून घेतला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. तरी कायद्याच्या भाषेत वऱ्हाड हा 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हता. त्यामुळे कलकत्त्यात झालेला कायदा इथे आपोआप येत नसे, तो अधिसूचना काढून 'लागू' करावा लागे. दिवाणी प्रक्रियेचे कायदेही असेच पाहुण्यासारखे आले आणि घरचे झाले.

सुरुवातीच्या काळात न्याय देणारा आणि महसूल गोळा करणारा अधिकारी बहुधा एकच असे. डेप्युटी कमिशनर, एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर, तहसीलदार यांच्याकडेच दिवाणी अधिकारही असत. पुढे अमरावतीचे नामांकित वकील झालेले दादासाहेब खापर्डे हेही १८८५ ते १८९० या काळात सरकारी नोकरीत मुन्सफ होते, नंतर वकिलीकडे वळले. रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी ही त्याच अमरावती बारची नावं. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली त्यामागे या वकीलमंडळींचा मोठा हात होता.

पण नामांकित वकील सगळ्यांना परवडत नव्हता. दर्यापूर किंवा बाळापूरकडचा शेतकरी आपलं गाऱ्हाणं वऱ्हाडी बोलीत सांगणार. ते ऐकून कुणी अर्जनवीस किंवा मुखत्यार ते कोर्टाच्या ठरावीक मराठीत उतरवणार. त्याच्या हाताशी असलेले खरेदीखत, कर्जरोखा, वाटणीपत्र हे कागद मोडीत. अपील वर गेलं की सगळं इंग्रजीत. म्हणजे माणसाचं म्हणणं किमान दोन-तीन हातांतून गाळून कागदावर यायचं. खाली सही किंवा अंगठा त्याचा, पण वाक्यं त्याची नव्हेत. माझ्या मते दुरुस्तीचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करायला हवी. वादपत्रात राहून गेलेली गोष्ट म्हणजे दरवेळी पक्षकाराची हयगय नसते. बरेचदा ती या गाळणीत अडकलेली असते.

१८५९ ते १९०८: दरवाजा हळूहळू उघडला

पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता १८५९ ची. तिच्यात दुरुस्तीची सोय होती, पण आखडती. वादपत्रात लागणारा तपशील नसेल तर कोर्ट ते फेटाळू शके किंवा मर्जी असल्यास दुरुस्त करू देई. १८७७ आणि १८८२ च्या संहितांनी (कलम ५३) निकालापर्यंत दुरुस्ती होऊ शकेल असं म्हटलं, पण एक खुंटी मारून ठेवली: दुरुस्तीमुळे एका जातीचा दावा दुसऱ्या, विसंगत जातीचा होता कामा नये.

इंग्लंडमध्ये तोवर हवा बदलली होती. १८७३-७५ च्या ज्युडिकेचर कायद्यांनी जुनी ताठर पद्धत मोडली. १८८४ च्या क्रॉपर विरुद्ध स्मिथ खटल्यात न्या. बोवेन यांनी भूमिका मांडली की कोर्ट पक्षकारांचे हक्क ठरवायला बसलेलं आहे, चुकांबद्दल शिक्षा करायला नाही. चूक फसवणुकीची नसेल आणि समोरच्याचं नुकसान खर्च देऊन भरून निघत असेल, तर ती सुधारू द्यावी. तीनच वर्षांनी, १८८७ च्या वेल्डन विरुद्ध नील खटल्यात, त्याच व्यवस्थेनं मर्यादा घातली: जी मागणी आज नव्यानं दावा करून मुदतबाह्य ठरली असती, ती दुरुस्तीच्या मागच्या दारानं आणता येणार नाही. गेली सव्वाशे वर्षं आपली कोर्टं या दोन टोकांच्या मध्ये हेलकावे खात आहेत.

१९०८ च्या संहितेत ऑर्डर ६ रूल १७ आला. शब्द मोकळे होते. कोर्ट 'कोणत्याही टप्प्यावर' दुरुस्ती देऊ शकेल, आणि खरा वाद ठरवण्यासाठी आवश्यक त्या सगळ्या दुरुस्त्या व्हायला हव्यात. 'विसंगत जातीचा दावा' ही खुंटी नियमाच्या शब्दांतून गेली.

लगेच १९०९ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा हा खटला आला. वादीचं म्हणणं होतं की भागीदारीच्या करारापोटी आपण ४,००१ रुपयांचं कापड दिलं. मागणी भागीदारी मोडून हिशेब करण्याची. खालच्या कोर्टानं ठरवलं की कापड दिलं हे खरं, पण भागीदारी झालीच नव्हती. मग अपिलात वादी म्हणाला, भागीदारी सोडा, माझे ४,००१ रुपये तरी द्या. पण त्या दिवशी पैशाचा वेगळा दावा मुदतबाह्य झाला होता. तरी दुरुस्ती मान्य झाली, कारण हकीकत तीच होती, नवी गोष्ट कुणी रचली नव्हती. न्या. बॅचलर यांनी दिलेली कसोटी आजही वापरली जाते: समोरच्यावर अन्याय होत नाही ना, आणि खरा वाद सोडवायला ही दुरुस्ती लागते ना? कापसाच्या पेठेतल्या अमरावती, अकोला, खामगावच्या व्यापाऱ्यांना हा निकाल किती जवळचा वाटला असेल याची कल्पना करा. तोंडी भागीदारी, उचल, अडत, वहीतली नोंद असा सगळा व्यवहार. त्याला कायद्यात नाव कुठलं द्यायचं हे व्यापाऱ्याला नव्हे, वकिलालाच ठरवावं लागे.

प्रिव्ही कौन्सिलनं पुढे दोन्ही बाजू दाखवल्या. १९२० च्या चरणदास विरुद्ध अमीर खान मध्ये हक्कशुफ्याच्या, म्हणजे जमीन आधी विकत घेण्याच्या हक्काच्या दाव्यात, मुदत उलटल्यावरही ताब्याची मागणी जोडू दिली. वऱ्हाडच्या जमीन कायद्यातही सहभोगवटादारांसाठी असा हक्क होता, त्यामुळे हा निकाल इथल्या कामाचा होता. पण १९२१ च्या ब्रह्मदेशातल्या मा श्वे म्या खटल्यात तीच प्रिव्ही कौन्सिल म्हणाली की एका कराराचा दावा हरत आल्यावर दुसराच करार पुढे करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

पहिल्या कागदाला किती लांब जावं लागतं याचं वऱ्हाडातलं ठळक उदाहरण शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचं. मंदिराची व्यवस्था आणि पूजेची पद्धत यावरून श्वेतांबर आणि दिगंबर पंथीयांमधला दावा १९१० मध्ये अकोल्यात दाखल झाला. १९१८ ला तिथला निकाल, १९२३ ला नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाचा, आणि १९२९ ला लंडनहून प्रिव्ही कौन्सिलचा. एकोणीस वर्षं. अकोल्यात तयार झालेल्या कागदांची चिरफाड शेवटी वऱ्हाड कधी न पाहिलेल्या न्यायाधीशांनी केली. शिरपूर आता वाशीम जिल्ह्यात आहे.

नागपूरची शाळा

१९३६ मध्ये नागपूरला हायकोर्ट झालं आणि वऱ्हाडची अपिलं तिथे जाऊ लागली. नागपूरच्या बारमधून आलेले व्हिव्हियन बोस तिथे न्यायाधीश, मग मुख्य न्यायमूर्ती आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५५ च्या संग्राम सिंग खटल्यात त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा: प्रक्रियेचा कायदा न्यायाला मदत करायला आहे, माणसांना अडकवून पाडायला नाही. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, पिरगोंडा पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बॅचलर यांची १९०९ ची कसोटी उचलून धरली. वादपत्रात तपशील अपुरा होता, मुदत उलटली होती, तरी हायकोर्टानं दिलेली दुरुस्ती कायम झाली. कारण मूळ दावा तोच होता, फक्त नीट लिहिला नव्हता.

कूळ आहे, पण लिहिलंच नाही

आता खऱ्या अर्थानं वऱ्हाडचा प्रश्न. इथे जमीन बटईनं, ठेक्यानं, मक्त्यानं द्यायची जुनी रीत. बहुतेक व्यवहार तोंडी. १९५१ मध्ये वऱ्हाडसाठी शेतीपट्ट्यांचा कायदा झाला, आणि मग विदर्भासाठीचा १९५८ चा कूळकायदा. त्यानुसार १ एप्रिल १९६१ हा कुळांना मालकी देणारा दिवस ठरला. पश्चिम महाराष्ट्रात हा दिवस १ एप्रिल १९५७ होता.

या कायद्याच्या कलम १२५ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. दिवाणी दाव्यात 'हा माणूस कूळ आहे की नाही' असा मुद्दा निघाला तर दिवाणी कोर्टानं तो स्वतः ठरवायचा नाही, महसुली अधिकाऱ्याकडे पाठवायचा. पण मुद्दा निघणार कधी? कैफियतीत तसं लिहिलं असेल तर. समजा, जमीनमालकानं ताब्याचा दावा लावला. कसणाऱ्यानं घाईत कैफियत दिली, तीत लिहिलं, 'ताबा माझा आहे, दावा खोटा आहे.' 'मी बटईनं कसतो, म्हणून कूळ आहे' हे वाक्य नाही. त्याला वाटलं, कसतोय म्हटलं की झालं! कायद्याच्या नजरेत नुसता ताबा आणि कुळाचा ताबा यात जमीन-अस्मानाचं अंतर. ते एक वाक्य आत आणायला दुरुस्ती अर्ज हाच मार्ग.

आणि इथेच दुसरी बाजूही दिसते. कुळाचा मुद्दा निघाला की प्रकरण तहसीलला जाणार आणि दावा थांबणार. तेव्हा खरोखरचं कूळ नसलेले काही प्रतिवादीही निकाल जवळ आला की हेच वाक्य घालायला धावत. एकाच अर्जाचा उपयोग एकाला ढाल म्हणून, दुसऱ्याला अडसर म्हणून. म्हणून 'दुरुस्ती चांगली की वाईट' असा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. कोण मागतोय, कधी मागतोय आणि आधी का नाही मागितली, हे पाहावं लागतं.

२००२: 'आधी का नाही सांगितलं?'

नेमका हाच तिसरा प्रश्न कायद्यात आला. दिवाणी दावे रखडतात म्हणून १९९९ च्या दुरुस्ती कायद्यानं रूल १७ सरळ काढूनच टाकला होता. देशभर वकिलांनी विरोध केला. तो बदल अंमलात येण्याआधी २००२ चा कायदा झाला आणि १ जुलै २००२ पासून रूल १७ एक परंतुक लावून परत आला. आता सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणार नाही, जोपर्यंत कोर्टाची खात्री पटत नाही की पक्षकारानं योग्य ती दक्षता घेऊनही ही बाब आधी मांडता आली नसती.

सुनावणी सुरू कधी झाली यावरही वाद झाले. २००८ च्या विद्याबाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरतपासाचं शपथपत्र दाखल झालं म्हणजे सुनावणी सुरू झाली. आणखी एक बारकावा: १ जुलै २००२ पूर्वी दाखल झालेल्या प्लीडिंगला हे परंतुक लागत नाही. त्यामुळे एकाच कोर्टाच्या एकाच बोर्डावर जुन्या दाव्याला सैल नियम आणि नव्याला घट्ट नियम असं चित्र निर्माण झालं. शेजारी बसलेल्या दोन पक्षकारांना हे समजावून सांगणं सोपं नाही.

प्रत्यक्षात अर्ज चालतो कसा

वादी किंवा प्रतिवादी अर्ज देतो. त्यात कुठल्या परिच्छेदात काय घालायचं, काय काढायचं, हे शब्दशः लिहायचं. सोबत शपथपत्र. अर्जाला निशाणी क्रमांक पडतो आणि समोरच्याला 'से' द्यायला सांगितलं जातं. मग युक्तिवाद आणि हुकूम. मंजूर झाला तर बरेचदा समोरच्याला खर्च द्यायची अट. हुकुमात मुदत दिली असेल तर तिच्या आत, नाहीतर १४ दिवसांत, दुरुस्ती मूळ कागदावर करून घ्यायची. ही रूल १८ ची अट. मुदत चुकली आणि कोर्टानं ती वाढवून दिली नाही, तर मिळालेला हुकूमही वाया जातो. दुरुस्तीनंतर समोरच्याला जादा कैफियत देण्याची संधी मिळते. दाव्याची किंमत वाढली तर कोर्ट फी आणि कधी कधी कोर्टाची हद्दही बदलते.

साधारणपणे दुरुस्ती मूळ दाव्याच्या तारखेपासून धरली जाते, पण योग्य प्रकरणात ती अर्जाच्या तारखेपासूनच धरावी असं कोर्ट म्हणू शकतं. कैफियतीच्या दुरुस्तीकडे वादपत्रापेक्षा उदारपणे पाहिलं जातं. मात्र आधी स्पष्ट कबूल केलेली गोष्ट दुरुस्तीच्या नावाखाली पुसू दिली जात नाही, हे १९७६ च्या मोदी स्पिनिंग खटल्यानं ठरवलं.

सगळ्यात साध्या दुरुस्त्या शेताच्या वर्णनाच्या असतात. एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, पण घरातल्या कागदांवर आणि बापाच्या तोंडी जुनाच नंबर. चतुःसीमेत पूर्वेचा शेजारी कधीच बदललेला. असं वादपत्र तसंच राहिलं तर दावा जिंकूनही दरखास्तीत ताबा कुठल्या जमिनीचा घ्यायचा हा प्रश्न उभा राहतो.

बहिणींचा हिस्सा

कधी कधी मात्र चूक कुणाचीच नसते, कायदाच मध्ये बदलतो. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद केलं, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ही भिंत पाडली. समजा, २००१ मध्ये एका लग्न झालेल्या बहिणीनं वाटपाचा दावा लावला होता आणि त्यावेळच्या कायद्याप्रमाणे छोटासा हिस्सा मागितला होता. २००५ नंतर तिचा हक्क वाढला, पण वादपत्रातला आकडा जुनाच. भाऊ म्हणणार, "तिनंच एवढा मागितला होता ना?" इथे दुरुस्ती अर्ज हा कायदा आणि कागद यांची गाठ घालून देतो. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानंतर, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते हा अडसरही दूर झाला आणि प्रलंबित दाव्यांत हिस्सा नव्यानं मांडायला आधार मिळाला.

दक्षता कुणाची मोजायची?

दीडशे वर्षांचा हा प्रवास मी असा वाचते. १८५९ ला दरवाजा किलकिला, १९०८ ला सताड उघडा, २००२ ला पुन्हा अर्धा लोटलेला. लोटण्यामागचं कारण खोटं नाही. निकाल लांबवत ठेवण्यात ज्याचा फायदा असतो, बहुधा ताबा असलेल्या आणि पैसा असलेल्या माणसाचा, त्याला मोकळी दुरुस्ती सोयीचीच होती. वाट पाहून थकते ती दुसरी बाजू.

पण 'योग्य ती दक्षता' हे शब्द वाचताना मला त्या गाळणीची आठवण होते. दक्षता मोजायची ती कुणाची? सांगणाऱ्याची, लिहिणाऱ्याची, की न विचारणाऱ्याची? बटई आणि मक्ता यातला कायदेशीर फरक माहीत नसलेल्या माणसानं सगळं सांगितलं असेल आणि कागदावर मात्र अर्धंच उतरलं असेल, तर हयगय कुणाच्या नावावर टाकायची? नियमात याचं उत्तर नाही. ते प्रत्येक अर्जावर, प्रत्येक न्यायाधीशाला नव्यानं द्यावं लागतं.

म्हणून जुन्या दाव्यांच्या फायली वाचताना मी निकालाच्या आधी दुरुस्तीचे हुकूम शोधते. निकालात कोण जिंकलं ते कळतं. दुरुस्तीच्या अर्जात मात्र माणसाला काय सांगायचं होतं आणि पहिल्या दिवशी काय लिहिलं गेलं, यातलं अंतर दिसतं. वऱ्हाडचा सामाजिक इतिहास लिहायचा तर ते अंतर मोजावंच लागेल. आणि आज कुणी दावा लावत असेल, तर त्याच्यासाठी या इतिहासातून निघणारी गोष्ट साधी आहे: सही करण्याआधी वादपत्र वकिलाकडून मोठ्यानं वाचून घ्या, आणि राहिलेलं तिथेच, त्याच दिवशी सांगा.